कर्जाआधी पाणी

हे गेले, त्यालाही आता एक हिवाळा होऊन गेला. त्याआधीची दोनेक वर्षं जयपूरच्या मानसरोवर भागातल्या आमच्या घरात मी एकच नोकरी केली, पाण्यावरच्या पहारेकऱ्याची. ह्यांची मूत्रपिंडं थकली होती, आठवड्यातून तीनदा डायलिसिस असायचं, आणि पोटात जाणारं पाणी मोजकंच असलं पाहिजे, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद होती. सकाळी मी एक तांब्या भरून टेबलावर ठेवायचे. चहा, ताक, गोळ्यांबरोबरचे घोट, सगळं त्यातच बसवायचं. तांब्या रिकामा झाला की पाणी बंद, मग बाहेर ऊन कितीही असो. आणि जयपूरचं ऊन म्हणजे काय, ते इथला एक जेठ, म्हणजे ज्येष्ठ महिना, काढल्याशिवाय कळायचं नाही.

हे चोरी करायचे. चूळ भरायला म्हणून न्हाणीघरात जायचे आणि नळ चालूच राहायचा. मी दाराबाहेर उभी.

"झाली का चूळ?"

"होतेय."

"एवढा वेळ?"

"दातांच्या फटीत अडकलंय काहीतरी."

"दात इथे बाहेर वाटीत आहेत तुमचे."

मग नळ बंद व्हायचा आणि हे ओठ पुसत, शाळेतून पळून आलेल्या मुलासारखे माझ्या बाजूने निघून जायचे. मी ओरडायचे, पण खरं सांगायचं तर त्या चोरीची मला मजाही वाटायची. चोरी करणारा माणूस अजून जगायच्या खटपटीत असतो.

समोरच्या घरातल्या लोकांनी फाटकाशी पाणपोई मांडली होती. इथे तिला प्याऊ म्हणतात. लाल ओलं कापड गुंडाळलेले माठ आणि साखळीला बांधलेला ग्लास. हे दुपारभर खिडकीत बसून लोकांना पाणी पिताना बघायचे आणि मला आत बातम्या द्यायचे. ह्या रिक्षावाल्याने दोन ग्लास घेतले. त्या बाईने आधी लेकराला पाजलं. मी एकदा पडदा ओढला, तर म्हणाले, "बघायचं पाणीसुद्धा तांब्यात धरतेस का?" मी पडदा परत सरकवला.

दुसऱ्या कुणाला हे इतकं जड गेलं नसतं. पण ह्यांचं सगळं आयुष्य लोकांच्या घरचं, गावचं, कारखान्याचं पाणी पिण्यात गेलं होतं, आणि तेही सरकारी पगारावर. ते कसं, ते आधी सांगते.

हे देशाच्या एका विकास बँकेत इंजिनिअर होते. बँकेत इंजिनिअर काय करतो, हे साताऱ्यात आमच्या घरी कुणालाच माहीत नव्हतं. मुलगा बँकेत आहे एवढं ऐकून वडिलांनी होकार दिला आणि साखरपुड्याच्या दिवशीच विचारलं, "माझं एक बचत खातं काढून द्याल का?" हे म्हणाले, "आमच्या बँकेत पैसे ठेवता येत नाहीत." वडिलांचा चेहरा उतरला. मग ह्यांनी समजावून सांगितलं. साध्या बँकेकडे लोकांच्या ठेवी असतात, लोक उद्या सकाळी येऊन पैसे मागतील ही भीती तिला कायम असते, म्हणून लांबच्या मुदतीचं कर्ज द्यायचं म्हटलं की ती बिचकते. सिमेंटचा कारखाना, वीजघर, सूतगिरणी, बंदराचा रस्ता, ह्यांना उभं राहायलाच काही वर्षं लागतात, आणि पैसे परत करायला आणखी कितीतरी. तोवर कुणालातरी थांबावं लागतं. ते थांबायचं काम देशाने आमच्या बँकेवर सोपवलंय.

वडील बराच वेळ विचार करून म्हणाले, "म्हणजे थांबायचा पगार मिळतो तुम्हाला."

मला मात्र हे सगळं फारच भारी वाटलं. त्या वेळची मी म्हणजे एक नमुना होते. आता तिला 'मी' म्हणायचीही लाज वाटते, म्हणून 'ती' म्हणते. तर ती, नुकतीच जयपूरला आलेली, जवाहर नगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहणारी, गणपतीच्या मंडळात रेल्वेतल्या आणि विमा कंपनीतल्या बायकांना सांगायची, "आम्ही कारखाने काढतो." आम्ही. जसं काही ती रोज सकाळी पोळ्या झाल्या की एक कारखाना काढूनच आंघोळीला जायची. बसने कुठे निघाली की लांबच्या धुराड्यांकडे बोट दाखवायची, हा आमचा, तोही आमचाच. एकदा त्यातलं एक निघालं विटांच्या भट्टीचं. बरोबरच्या बाईने ते लक्षात आणून दिलं, तर ही म्हणते, "विटांशिवाय कारखाना उभा राहतो का?"

ह्यांच्या बँकेत कर्ज मागणाऱ्याची कागदपत्रं आली की आधी अप्रेझल व्हायचं. म्हणजे हा कारखाना चालेल का, माल खपेल का, माणूस टिकेल का, हे पारखायचं. त्यासाठी साइटवर जावं लागे, आणि साइट म्हणजे बहुतेक वेळा चार खुंट्या मारलेलं माळरान. ह्यांना एका जुन्या साहेबांनी एक रीत शिकवली होती. साइटवर उतरलास की नकाशा उलगडू नकोस, आधी पाणी माग. आणि ते तिथलंच माग. पाणी कोण आणतं ते बघ, किती वेळात आणतं ते बघ, आणि मालक स्वतः तेच पितो का ते बघ. मालकासाठी शहरातून वेगळं पाणी येत असेल तर समज, हा माणूस इथे राहायला आलेला नाही, फक्त कर्ज घ्यायला आलाय.

त्या ऑफिसातले बाकीचे लोक हळूहळू ही रीत विसरले. ह्यांनी सोडली नाही. राजस्थानात पाणी म्हणजे हजार तऱ्हा. कुठे मचूळ, कुठे कडवट, कुठे पिऊन पिऊन गावातल्या माणसांच्या दातांवर पिवळे डाग पडलेले. हे एक घोट तोंडात धरायचे, डोळे मिटायचे, आणि मग सगळा ग्लास संपवायचे. परत आले की जेवताना मला सांगायचे, आजचं पाणी असं होतं. दुसऱ्यांचे नवरे बायकोला ऑफिसातल्या भानगडी सांगतात.

एकदा ती शहाणी हट्ट करून साइटवर गेली. पाली जिल्ह्याच्या बाजूला कुठेतरी कापड रंगवायचा कारखाना व्हायचा होता. जीपमधून उतरली तेव्हा पायात टाचांच्या चपला, अंगावर नायलॉनची साडी, आणि खांद्याला उकळलेल्या पाण्याचा थर्मास. त्या कारखानदाराची बायको झोपडीवजा ऑफिसातून चकचकीत लोटा घेऊन आली. हिने थर्मासवर हात ठेवला आणि गोड हसून म्हणाली, "मैं पानी नहीं पीती."

त्या मारवाडी बाईने हिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग अगदी काळजीने म्हणाली, "तो फिर आप क्या पीती हैं?"

ड्रायव्हर पाठ फिरवून हसला. हे मात्र हसले नाहीत, पुढे झाले आणि दोघांच्या वाटणीचं पाणी प्यायले. परतीच्या वाटेवर ती थर्मास उघडून प्यायला लागली तर पाणी इतकं गरम, की जीभ पोळली. ते बघून मग हे हसले, वाटेतल्या दूदू गावापर्यंत हसत होते.

पाणी चांगलं निघालं म्हणून कारखाना चालतोच असं नाही, हेही मी पाहिलंय. अलवरकडे एक सूतगिरणी ह्यांच्या हाताखाली उभी राहिली. गोड विहीर, मालक तिथेच कुटुंबासकट राहणारा, कामगारांच्या पोरांसाठी शाळासुद्धा. ह्यांचा भारी जीव तिच्यावर. पुढे बाहेरचं स्वस्त सूत आलं आणि ती गिरणी बंद पडली. हे त्या दिवशी जेवले नाहीत. मी विचारलं, "तुमचं कुठे चुकलं?" म्हणाले, "कुठे चुकलं ते सापडलं असतं तर जेवलो असतो."

मग एक दिवस ह्यांची बँकच बदलली. वरून ठरलं की आता वेगळी विकास बँक नको, साध्या बँकांनीच सगळं करावं. आमच्या बँकेला काउंटर आले, टोकन आलं, लॉकर आले, दारात बंदूकवाला आला. वडील हयात असते तर त्यांचं बचत खातं अखेर उघडलं असतं. नोकरीची शेवटची वर्षं हे शहरातल्या एका शाखेत काचेमागे बसले आणि गिऱ्हाइकांना विम्याच्या पॉलिसी विकल्या. त्याचं टार्गेट असायचं. शाखेत कोपऱ्यात थंड पाण्याचं मशीन होतं. मी एकदा डबा द्यायला गेले आणि चेष्टेने म्हटलं, "इथलं पाणी कसं आहे?" म्हणाले, "आता कोण विचारतंय." मी हसले. हे हसले नाहीत, आणि मग मीही थांबले.

हे निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी पेपरात पुन्हा यायला लागलं, की रस्ते, वीज, मालगाड्यांचे मार्ग ह्यांना लांबच्या मुदतीचा पैसा मिळत नाही, साध्या बँकांनी त्यात हात पोळून घेतलेत, तर देशाला पुन्हा एक विकास बँक हवी. हे पेपर माझ्यापुढे धरून म्हणाले, "बघ. दुकान बंद करून चावी फेकली, आता कुलूप तोडून घ्यायला निघालेत." पण त्या दिवशी चहाला मागून साखर घेतली.

आणि त्याच कामाच्या एका नव्या बँकेत आमची नात लागली.

ती जयपूरचीच. तिचे आईवडील आता बंगळूरला असतात, पण शाळेची सगळी वर्षं ती दुपारी आमच्याकडे असायची. तिचं मराठी म्हणजे अर्ध्या वाटेवर उभं राहून हिंदीला हाक मारणारं. पुढे इंजिनिअर झाली, वर आणखी काही शिकली, आणि मुंबईला त्या बँकेत अप्रेझल करायला लागली. हे कळलं तेव्हा ह्यांचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं. हातात सुया टोचलेल्या अवस्थेत ह्यांनी तिथल्या नर्सला सांगितलं, "मेरी पोती भी वही करती है जो मैं करता था." ती म्हणाली, "अच्छा, किडनी का?"

गेल्या वर्षी जेठ महिन्यात नातीचा फोन आला. जयपूरजवळच्या फुलेऱ्याच्या पुढे, मालगाड्यांच्या नव्या मार्गालगत कंटेनर उतरवायचं मोठं आवार आणि गोदामं व्हायची होती. त्याचं कर्ज तिच्याकडे आलं होतं. ती साइट बघायला येणार होती, आणि हॉटेलात न राहता आमच्याकडेच.

ती आली, पाया पडली, आणि ह्यांनी पहिलाच प्रश्न विचारला.

"उद्या किती वाजता निघायचं?"

"सात वाजता, आजोबा. गाडी येणार आहे बँकेची, मतलब, सल्लागार पण आहेत त्यात."

"मी साडेसहाला तयार होतो."

नात माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "उद्या डायलिसिस नाही, पण परवा आहे. आदल्या दिवशी तुमची पावलं सुजलेली असतात. एवढं ऊन, एवढा रस्ता."

"मी गाडीत बसेन."

"गाडीत बसायला तुम्ही जाणार? मी ओळखत नाही का तुम्हाला? उतरून पहिल्यांदा पाणी मागाल."

"मग? एक घोट."

"तुमचा एक घोट मला माहीत आहे. ग्लास उपडा होईपर्यंत चालतो तो."

नात मधे पडली. "आजोबा, बँकेच्या गाडीत बाहेरचं कोणी अलाउड नाहीये."

बाहेरचं. पोरीने वाकडं मनात आणून म्हटलं नव्हतं, तिचं मराठीच तेवढं. पण ते ह्यांना लागलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला एकदाच जायचंय. परत नाही म्हणणार."

ह्यांना दुसरं काहीही नको होतं. तीर्थयात्रा नको, सत्कार नको, बंगळूरला पोराकडे जायला नको. फक्त एका साइटवर उतरायचं होतं, नातीबरोबर, आणि तिथलं पाणी प्यायचं होतं. आणि ते पाणी माझ्या ताब्यात होतं.

सकाळी मी लवकर उठले तर दाराशी ह्यांचे जुने कॅनव्हासचे बूट काढून ठेवलेले. हे दाढीला बसले होते. मी बूट उचलले आणि मोरीत साबणाच्या पाण्यात बुडवले.

हे बाहेर आले, दाराशी बघितलं, मोरीत बघितलं. बादलीत तरंगणाऱ्या बुटांकडे थोडा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "धुवायला झालेच होते." आत जाऊन सदरा बदलला.

लोकांना वाटेल, आता मी म्हणेन की जाऊ द्यायला हवं होतं. नाही म्हणणार. आज तसेच बूट समोर आले तर आजही बुडवेन. त्याच्या आधीच्या महिन्यात पाणी छातीत चढून हे माझ्यासमोर निळे पडले होते. ज्याने ते बघितलं नाही त्याने मला शहाणपण सांगू नये.

नात निघाली तेव्हा हे फाटकापर्यंत गेले.

"पाणी माग."

"मागते, आजोबा."

"बाटलीतलं देतील. उघडू नकोस. इथलं द्या म्हणावं."

"हो."

"आणि पी. नुसतं हातात धरून बसू नकोस."

"पिते, आजोबा. आता जाऊ?"

दिवसभर हे खिडकीत. दुपारी गरम वारं सुटलं, लू म्हणतात तसलं, समोरच्या प्याऊचं लाल कापड वाळून कडक झालं. तांब्यातलं पाणी हे त्या दिवशी फार बेताने प्यायले. संध्याकाळी नात आली की तिच्याबरोबर प्यायला राखून ठेवत होते, हे मला मागाहून कळलं.

नात परत आली ती केसांत, भुवयांत धूळ घेऊन. हातात एक बाटली होती. ओठ फुटले होते. स्वयंपाकघरात आली आणि हळूच म्हणाली, "आजी, मी तिथलं पाणी आणलंय आजोबांसाठी. बोअरचं. ते नुसतं तोंडात घेऊन थुंकले तर चालेल ना?"

मला पोरीचं कौतुक वाटलं. एवढं शिकून हे तिला सुचलं, आणि मला दोन वर्षांत सुचलं नव्हतं. मी आधी स्वतः थोडं वाटीत घेऊन प्यायले. खारट, आणि खारट म्हणजे आमटीत मीठ दोनदा पडल्यासारखं. त्याच्या मागून कडवट. सांभरचं खारं सरोवर तिथून जवळ, नवल काही नव्हतं. त्या पाण्याचा चहा केला असता तर दूध नासलं असतं.

मी ह्यांच्यापुढे तसराळं धरलं. नातीने ग्लासात थोडं ओतून दिलं. ह्यांनी ग्लास आधी उजेडात धरला, हुंगला, मग घोट घेतला आणि डोळे मिटले. कितीतरी वर्षांनी मी ते तोंड बघत होते. गाल थोडे आत, कपाळाला एक आठी, जीभ आतल्या आत फिरतेय. मग ह्यांनी ते तसराळ्यात टाकलं.

"गोड आहे," हे म्हणाले. "चांगलं आहे पाणी. माणसं राहतील तिथे. लिही."

नातीने माझ्याकडे बघितलं. मी तिला डोळ्यांनी खुणावलं, हो म्हण. संसारात मी इतकं खोटं बोललेय, की त्यात आणखी एकाची काय मातब्बरी. डायलिसिसच्या माणसाची चव जाते, डॉक्टरांनी सांगितलं होतं. ह्यांना भाजी मातीसारखी लागायची, लोणचं लोखंडासारखं. पण पाण्याचंही तसंच होईल, हे ना ह्यांच्या लक्षात आलं होतं, ना माझ्या.

"आजोबा," नात म्हणाली, "गोड नाहीये. खारं आहे. मी तिथे पूर्ण ग्लास प्यायले. मला मळमळलं."

"खारं?"

"हो."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू प्यायलीस का?"

"प्यायले."

"मग?"

त्या वेळेला मला त्या पोरीचा रागच आला होता. पण ह्यांच्या कामातल्या गोष्टीत मी ह्यांना कधी फसवलं नव्हतं. भाजीच्या भावात फसवलं, माहेरी पाठवलेल्या पैशात फसवलं, बुटांच्या बाबतीत तर सकाळीच. पाण्यात नाही.

"खारं आहे," मी म्हटलं. "खूप खारं."

ह्यांनी पुन्हा ग्लास मागितला. दुसरा घोट फार वेळ तोंडात धरला. आम्ही दोघी उभ्या. मला वाटलं आता गिळतील, पण गिळलं नाही. तसराळ्यात टाकलं, हातरुमालाने ओठ टिपले.

"मला नाही लागत," हे म्हणाले.

मग खुर्चीत जरा सरकून बसले आणि नातीला विचारलं, "मालक काय पीत होता?"

"बाटली. गाडीत पेटी होती त्याच्या."

"आणि कामावरची माणसं?"

"टँकर येतो, आजोबा. रोज नाही येत. ड्रम भरून ठेवतात. बायका लांबून पण आणतात. आधी पाण्याची लाइन टाका, मग पैसे, असं मी लिहिलंय."

"लिहिलंस?"

"हो, तिथेच लिहिलं. मतलब, गाडीत बसून."

"मग मला कशाला पाजलंस?"

नात बाटलीचं झाकण फिरवत म्हणाली, "तुम्ही बोलला होता ना, पाणी माग म्हणून. मला वाटलं तुम्हाला पण पाहिजे असेल."

हे तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बरोबर केलंस." आणि तिला आंघोळ करून घ्यायला सांगितलं, धुळीने डोळे लाल झाले होते तिचे. ती गेल्यावर मी तसराळं उचललं. तांब्यात तळाला अजून पाणी होतं. मी म्हटलं, "हे तरी घ्या, राखून ठेवलंत ना." म्हणाले, "नको, राहू दे."

दुसऱ्या दिवशी डायलिसिसला जाताना गाडीत हे नेहमीसारखं बाहेर बघत बसले होते. मेट्रोच्या खांबांची रांग सरकत होती. मधेच म्हणाले, "माझ्या भरवशावर आता कुणी कर्ज देऊ नये." मी म्हटलं, "तुमच्याकडे मागायला येतंय कोण?" नेहमीचा टोला होता. ह्याच्यावर हे नेहमी काहीतरी परत फेकायचे. त्या दिवशी मान हलवली आणि "खरंच," म्हणाले.

त्या दिवसापासून ह्यांनी पाण्याची चोरी सोडली.

मला ते लक्षात यायलाही थोडे दिवस लागले. न्हाणीघरात जायचे, नळ सुरू व्हायचा आणि लगेच बंद. मी दाराबाहेर सवयीने उभी. चूळ झाली की हे सरळ बाहेर. संध्याकाळी तांब्यात पाणी उरलेलं असायचं. शेजारणींना मी सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अच्छा है आंटीजी, अब मान गए." मीही हो म्हटलं. पण दुपारी न्हाणीघराशी उभं राहून मी वाट बघायचे, की चालू राहू दे जरा वेळ, मला ओरडता येऊ दे. एकदा तर मी मुद्दाम भरलेला ग्लास ह्यांच्या हाताशी ठेवून समोरच्या घरी जाऊन बसले. परत आले तर ग्लास तसाच, वर एक माशी पडलेली.

खिडकीतल्या बातम्याही थांबल्या. श्रावणात प्याऊ उठली, माठ आत गेले, ते मलाच ह्यांना सांगावं लागलं.

नातीचे फोन यायचे. तिच्या कर्जाचं काम पुढे सरकलं होतं, मालकाने पाण्याची लाइन टाकायचं कबूल केलं होतं. ह्यांना ती सगळं सांगायची, हे ऐकायचे, "छान," म्हणायचे आणि फोन माझ्याकडे द्यायचे. एकदा ती कच्छमधून बोलली. "आजोबा, इथलं पाणी विचारा ना कसं आहे." हे म्हणाले, "तुला कळतंय ना? मग झालं." आवाजात राग नव्हता. मला तो राग चालला असता.

दिवाळीच्या आसपास ह्यांना हॉस्पिटलात ठेवलं. ताप उतरेना, डायलिसिस सोसवेना, रक्तदाब खाली यायचा आणि मशीन मधेच बंद करावं लागायचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. तरुण होते, माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, "माताजी, अब परहेज़ रहने दीजिए. जो माँगें, दे दीजिए."

मी विचारलं, "पानी भी?"

"पानी भी. जितना माँगें."

दोन वर्षं ज्या परवानगीसाठी हे माझ्याशी भांडले होते ती मिळाली, आणि तिचा अर्थ काय ते मला त्यांनी सांगायची गरज नव्हती. मी कॉरिडॉरमधल्या मशीनमधून ग्लास काठोकाठ भरला. नेताना माझ्या साडीवर सांडला, तरी पुष्कळ होता.

ह्यांना उशीला टेकवून बसवलं. ग्लास बघून ह्यांनी माझ्याकडे बघितलं. एवढं पाणी माझ्या हातून बघायची सवय नव्हती ह्यांना.

"सगळं?" हे म्हणाले.

"सगळं. डॉक्टर म्हणाले."

ह्यांना कळलं. जन्मभर माणसं पारखलेली, ह्यांना कसं कळणार नाही. मग विचारलं, "कुठलं आहे?"

"बाहेरच्या मशीनचं."

"कसं आहे?"

मी आधी एक घोट प्यायले. अगदीच थंड नव्हतं, औषधाचा वास होता थोडा, प्लॅस्टिकचाही असेल. तसंच सांगितलं. गोड आहे का, विचारलं, तर हो म्हटलं, आणि ते खरं होतं.

ह्यांनी दोन घोट घेतले. गिळताना त्रास होत होता. तिसऱ्याला मान हलवून ग्लास माझ्या हातात परत दिला आणि पाठ टेकली. ग्लास जवळजवळ भरलेलाच होता.

मधे केव्हातरी नर्स येऊन गेली. तिने विचारलं, "माताजी, और पानी ला दूँ?" मी नको म्हटलं. ह्यांना डोळा लागला होता. मी तिथेच स्टुलावर बसून, हळूहळू, ते सगळं पाणी पिऊन टाकलं.